पुन्हा भेटणारे शब्द

इंग्रजीचं नवं पाठ्यपुस्तक हातात आलं की बहुतेक शिक्षक आधी अनुक्रमणिका पाहतात. मी मध्यावरचा एखादा धडा उघडते आणि तिथून मागे मागे जात राहते. पहिल्या धड्यावर लेखकांनी आणि चित्रकारांनी जीव टाकलेला असतो, कारण पुस्तक निवडणारा माणूस तोच धडा वाचणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. मधल्या धड्याचे इतके लाड होत नाहीत. शिवाय मला जे शोधायचं असतं ते तिथेच सापडतं. तिसऱ्या धड्यात शिकवलेले शब्द नवव्या धड्यात कुठे दिसतात का? की ते चौकटीत आले, त्यांच्यावर रिकाम्या जागा भरून झाल्या, जोड्या लावून झाल्या आणि त्यानंतर पुस्तकाने त्यांचं नावही काढलं नाही?

मी प्रौढांना इंग्रजी शिकवते. त्यांच्या मातृभाषा वेगवेगळ्या, कामधंदे वेगवेगळे. सारखी असते ती दिवसभराची दमणूक आणि घरी अभ्यासाला मिळणारा अपुरा वेळ. त्यांच्यासाठी पुस्तक निवडताना मी पुष्कळ तडजोडी करते. फोटो जुने असले तरी चालतात. एखादा विषय रटाळ असला तर वर्गातल्या गप्पांनी त्यात जान आणता येते. व्याकरणाचं स्पष्टीकरण तोकडं असेल तर फळ्यावर पुरं करता येतं. पण शिकवलेली भाषा शिकणाऱ्याला पुन्हा भेटली पाहिजे, वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या सोबतीत आणि पुरेशा वेळा, ही अट मी सोडत नाही. पुस्तकात हीच गोष्ट नसेल तर ती वर्गात उभं राहून भरून काढणं शिक्षकाला फार जड जातं.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरजुळण्या पाठ करायच्या आणि किती काळाने किती उरल्या ते मोजायचं, असं त्याने स्वतःवरच करून पाहिलं होतं. पाठ केलेल्यातला मोठा भाग लवकरच निसटतो, नंतर गळती मंदावते आणि एकाच बैठकीत खूप घोकण्यापेक्षा तेवढीच उजळणी काही दिवसांवर पसरली तर जास्त टिकते, हे त्याला दिसलं. परक्या भाषेतल्या शब्दांवर पुढे पुष्कळ काम झालं. स्टुअर्ट वेब यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांना नवे शब्द वाक्यांतून दाखवले गेले. काही शब्द एकदा, काही तीनदा, काही सातदा, काही दहादा. भेटी वाढल्या तशी ओळख वाढली. पण शब्दाचा अर्थ, त्याचं स्पेलिंग, वाक्यातली त्याची वागणूक, त्याच्या आजूबाजूला येणारे शब्द हे सगळं पक्कं व्हायला दहा भेटीही पुरतीलच असं दिसलं नाही.

हे वाचल्यानंतर मी पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची वेगळ्या नजरेने पाहू लागले. तिच्यातले मूठभर शब्द उचलायचे आणि पुस्तकभर शोधत बसायचं. काम किचकट आहे, एखादी दुपार त्यात सहज जाते, पण पुस्तकाबद्दल जेवढं या दुपारी कळतं तेवढं मलपृष्ठावरच्या मजकुरातून कधीच कळत नाही. पुष्कळ शब्द दोनच जागी सापडतात. एकदा आपल्या धड्यात आणि एकदा चार धड्यांनंतर येणाऱ्या उजळणीत. त्या उजळणीवर माझी फारशी भिस्त नाही. तिथे तेच शब्द त्याच वाक्यांसोबत आणि त्याच क्रमाने येतात. मला हवी असते न सांगता झालेली उजळणी. पैसे उसने घेण्याबद्दलचा शब्द तिसऱ्या धड्यात आला असेल, तर नवव्या धड्यात दोन शेजारी छत्रीबद्दल बोलताना तो सहज येऊन जावा. शिकणारा क्षणभर थांबतो, शब्द कुठे पाहिला होता ते आठवतो आणि पुढे जातो. त्या क्षणभराच्या थांबण्यात शब्द आणखी थोडा आत उतरतो. असे क्षण ज्या लेखकाने जाणीवपूर्वक पेरलेले असतात त्याच्या पुस्तकाला मी बाकीचे दोष माफ करते.

पाठ्यपुस्तकांना शब्द गटागटाने शिकवायला आवडतं. एका पानावर सगळे रंग, दुसऱ्यावर सगळे कपडे, तिसऱ्यावर शरीराचे सगळे अवयव. पान सुंदर दिसतं, अनुक्रमणिकेत एका शब्दात विषय सांगता येतो. पण टिंकहॅम आणि वेअरिंग या संशोधकांनी १९९० च्या दशकात हे तपासून पाहिलं, तेव्हा जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकत्र शिकणाऱ्यांना जास्त वेळ लागला. एकमेकांशी संबंध नसलेले शब्द त्याहून लवकर लक्षात राहिले. वर्गात हे रोज दिसतं. 'लेफ्ट' आणि 'राइट' एकाच दिवशी शिकलेला माणूस महिनोन् महिने चौकात उभा राहून मनात दोन्ही शब्द घोळवत राहतो. 'ट्यूसडे' आणि 'थर्सडे' यांचं तसंच, 'बॉरो' आणि 'लेंड' यांचं तर विचारूच नका. दोघांपैकी एक आहे एवढं त्याला नक्की माहीत असतं. कुठला, ते नसतं. जोडीतला एक शब्द आधी शिकवून रुळू द्यावा आणि दुसरा काही आठवड्यांनी आणावा, एवढा साधा उपाय आहे. पुस्तक तो करत नसेल तर मी पान झाकून करते, पण पुस्तकानेच केलेला असला की मला त्या लेखकाबद्दल आदर वाटतो. त्याने वर्ग पाहिलेला आहे.

व्याकरणाच्या बाबतीत पुन्हा भेटण्याला आणखी खोल कारण आहे. 'शी वर्क्स', 'ही लिव्ह्ज' यांतला शेवटचा प्रत्यय बहुतेक पुस्तकांत अगदी सुरुवातीला येतो. नियम एका ओळीचा आहे म्हणून तो सोपा समजला जातो. प्रत्यक्षात बोलण्यात रुळायला फार उशीर लावणाऱ्या प्रत्ययांपैकी तो एक आहे. १९७० च्या दशकात हायडी डुले आणि मरीना बर्ट यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या आणि चिनी बोलणाऱ्या मुलांचं इंग्रजी तपासलं. मातृभाषा इतक्या वेगळ्या असूनही इंग्रजीचे प्रत्यय दोन्ही गटांत जवळपास सारख्याच क्रमाने स्थिरावताना दिसले. प्रौढांवरच्या अभ्यासांतही चित्र साधारण तेच आलं. 'वर्किंग'मधला 'इंग' लवकर येतो, 'वर्क्स'मधला तो बारकासा प्रत्यय खूप नंतर. मानफ्रेड पीनेमान यांनी १९८४ मध्ये जर्मन शिकणाऱ्या इटालियन मुलांबद्दल लिहिलं, त्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या रचनेच्या उंबरठ्यापर्यंत मूल आलेलं होतं, ती शिकवल्यावर लवकर आली. जिच्या आधीचा टप्पाच अजून गाठलेला नव्हता, ती शिकवूनही आली नाही.

म्हणून स्वाध्यायात दहाच्या दहा वाक्यं बरोबर लिहिणारा माणूस पुढच्याच मिनिटाला 'माय सिस्टर वर्क इन अ बँक' म्हणतो, तेव्हा मला त्यात निष्काळजीपणा दिसत नाही. नियम त्याला कळलेला आहे, जीभ अजून तिथे पोहोचलेली नाही. दुःख याचं वाटतं की त्याच्या पुस्तकाने दुसऱ्या धड्यात तो नियम शिकवला, तिसऱ्यात चाचणी घेतली आणि मग तो आला असं धरून चाललं. माणूस सहाव्या धड्यातही चुकतो आणि स्वतःला मठ्ठ समजायला लागतो. मोठी माणसं हे बोलून दाखवत नाहीत. मागच्या बाकावर जाऊन बसतात आणि हळूहळू बोलायची थांबतात. जे पुस्तक असा प्रत्यय एकदा दाखवून ठेवतं, मग बराच काळ फक्त कानावर आणि नजरेखाली येऊ देतं, आणि पुढे कधीतरी, तोवर शेकडो वेळा वाचून झाल्यावर, पुन्हा त्याच्याकडे लक्ष वेधतं, ते पुस्तक माझ्या दृष्टीने शिकणाऱ्याच्या बाजूचं आहे.

परत भेटायचं म्हटलं की कुणी भेटायचं हा प्रश्नही येतोच. सगळेच शब्द सारख्या मोलाचे नसतात. डग्लस बायबर आणि रँडी रेपन यांनी २००२ मध्ये प्रत्यक्ष बोलल्या-लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजीचा मोठा संग्रह आणि व्याकरणाची पाठ्यपुस्तकं शेजारी ठेवून पाहिली. चालू काळ म्हणजे संभाषणाचा प्राण, असं पुस्तकांवरून वाटतं. प्रत्यक्ष संभाषणात साधा काळ त्याच्या २० पटींहून जास्त वेळा येतो. आणि 'से, गेट, गो, नो, थिंक, सी, मेक, कम, टेक, वॉन्ट, गिव्ह, मीन' या फक्त १२ क्रियापदांनी संभाषणातल्या मुख्य क्रियापदांचा जवळजवळ ४५ टक्के वापर व्यापलेला असतो.

तेव्हापासून 'गेट' हे माझं तपासणीचं क्रियापद आहे. पुस्तक त्याचं काय करतं ते मी पाहते. झोपेतून उठणं, घरी पोहोचणं, पत्र मिळणं, दमून जाणं, लग्न होणं, एखादी गोष्ट ध्यानात येणं, इतक्या ठिकाणी हे एक क्रियापद वावरतं. काही पुस्तकं त्याचा एक अर्थ पहिल्या स्तरावर देतात आणि बाकीचे तिसऱ्या स्तरावर एका भल्या मोठ्या तक्त्यात कोंबतात. तो तक्ता पाहून शिकणाऱ्याचा धीर सुटतो. त्याऐवजी दर दोन-तीन धड्यांनी 'गेट' नव्या सोबत्याबरोबर येत राहिलं, तर वर्षाअखेरीस शिकणाऱ्याजवळ एक असं क्रियापद असतं की ज्याच्या आधाराने तो अडलेल्या जागी निभावून नेऊ शकतो.

निभावून नेण्यावरून मायकेल वेस्ट यांची आठवण येते. १९२० च्या दशकात ते ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होते. पुष्कळ मुलं शिक्षण अर्ध्यावर सोडून जातात आणि जाताना इंग्रजीचं वापरता येण्याजोगं काहीच त्यांच्या हाती नसतं, हे त्यांनी पाहिलं. विमा मुदतीआधी बंद केला तर जी रक्कम परत मिळते तिला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात. वेस्ट यांनी ही कल्पना अभ्यासक्रमाला लावली. शिकणाऱ्याने आज शिकणं सोडलं तर आजपर्यंतचं त्याच्या कामाला किती येईल? त्यांचं उत्तर वाचनाकडे झुकणारं होतं. त्यांनी वाचनपुस्तकं लिहिली तेव्हा दुर्मीळ साहित्यिक शब्द काढून नेहमीचे घातले, नवे शब्द विरळ केले आणि आलेला शब्द पुढे पुन्हा येईल अशी काळजी घेतली. पुढे १९५३ मध्ये सुमारे २,००० नेहमीच्या इंग्रजी शब्दांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली. यादी आता जुनी झाली आहे, तिच्या जागी नव्या याद्या आल्या आहेत. पण प्रश्न जुना झालेला नाही. प्रौढांच्या वर्गातून माणसं सारखी जात असतात. पाळी बदलते, गाव बदलतं, घरात आजारपण येतं, मूल जन्माला येतं. पुस्तकाचा पहिला तृतीयांश संपवून जो वर्ग सोडेल त्याच्यापाशी काय उरेल, हे निवडीच्या वेळी विचारलं तर कितीतरी देखणी पुस्तकं बाजूला पडतात. त्यांचा पहिला तृतीयांश निव्वळ पुढच्याची तयारी असतो.

वाचनाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण पाठ्यपुस्तक निवडण्याच्या गडबडीत वाचनाची पुस्तकं निवडायची राहूनच जातात. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांचा २००० सालचा एक अभ्यास आहे. गोष्टीतले किती शब्द ओळखीचे असले म्हणजे ती मदतीशिवाय समजते, हे त्यांनी काही शब्दांच्या जागी निरर्थक शब्द घालून पाहिलं. १०० पैकी ८० शब्द ओळखीचे असताना कुणालाही गोष्ट पुरेशी समजली नाही. बहुतेकांना नीट समजायला सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे ५० शब्दांत एक अनोळखी. ८० टक्के म्हणजे काय, ते आपल्याच भाषेत पाहा:

'दार उघडून तो टिंगळला. समोरच्या माणसाच्या हातात एक जुनी लोभंडी होती आणि तिच्यावर कुणाचं तरी नाव गिरसलेलं.'

यात पाचात एकापेक्षाही किंचित कमी शब्द खोटे आहेत. मराठीचं सगळं व्याकरण आपल्या रक्तात असूनही तो माणूस घाबरला, हसला की थबकला ते आपल्याला सांगता येत नाही आणि त्या वस्तूचं तर चित्रही डोळ्यांपुढे येत नाही. अशी ३० पानं वाचायची कल्पना करा. शिकणाऱ्याच्या हातात पहिल्याच वर्षी इंग्रजी वर्तमानपत्र देणारे शिक्षक हेच मागत असतात. त्यांचा हेतू चांगला असतो, खरी भाषा भेटावी एवढाच. वेळापत्रक, पाटी, फॉर्म, औषधाच्या खोक्यावरच्या सूचना, चार ओळींचा निरोप असा खरा मजकूर मीही पहिल्या महिन्यापासून वर्गात आणते, कारण तो छोटा असतो आणि त्यातून नेमकी एक गोष्ट काढून घ्यायची असते. पण सलग वाचनाची गोष्ट वेगळी आहे. नेशन यांच्याच २००६ च्या हिशेबानुसार मदतीशिवाय इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुळं, म्हणजे मूळ शब्द आणि त्यांच्यापासून बनलेली रूपं, लागतात. तिथवरचा रस्ता सोप्या केलेल्या गोष्टींच्या पातळ पुस्तकांतूनच जातो. त्यांना दुय्यम मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. मर्यादित शब्दांत उत्कंठा टिकवणं हे अवघड कसब आहे, आणि त्या मर्यादेमुळेच तेच ५००-७०० शब्द वाचकाला पानोपानी भेटत राहतात. कुठलंही पाठ्यपुस्तक एवढ्या भेटी घडवू शकत नाही. तेवढी पानंच त्याच्याकडे नसतात.

माझ्या वर्गात एक बाई होत्या, वृद्धांची रात्रपाळीने देखभाल करणाऱ्या. एक पातळ रहस्यकथा त्या घेऊन गेल्या आणि परत करताना म्हणाल्या की दोनदा वाचली. कंटाळा नाही आला का, असं मी विचारलं. पहिल्यांदा खून कुणी केला ते शोधत होते, म्हणाल्या, दुसऱ्यांदा माणसं कशी बोलतात ते ऐकलं. पाठ्यपुस्तकातला संवाद त्यांनी दुसऱ्यांदा उघडून पाहिला असेल असं मला वाटत नाही. म्हणून संस्थेकडे ठरावीकच रक्कम असेल तर मी प्रत्येकाला चकचकीत स्वाध्यायपुस्तिका देण्याऐवजी सगळ्यांत मिळून अशा गोष्टींचं एक कपाट मागते.

वेष्टनावरच्या पातळीबद्दल थोडक्यात. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषाक्षमतेची 'ए-१'पासून 'सी-२'पर्यंत सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली आणि आता जवळपास प्रत्येक पुस्तकावर त्यातलं एखादं अक्षर असतं. ते अक्षर बहुधा प्रकाशकानेच ठरवलेलं असतं. दोन 'बी-१' पुस्तकांतलं अंतर पाहून थक्क व्हायला होतं. त्यावरून शोध सुरू करावा, संपवू नये.

पुन्हा भेटण्याची आणखी एक बाजू आहे. शब्द पुस्तकात कितीही वेळा आला तरी तो शिकणाऱ्याच्या स्वतःच्या बोलण्यात आला नाही तर परकाच राहतो. आणि स्वतःच्या बोलण्यात तो यायला पुस्तकात त्याच्या आयुष्यासाठी जागा हवी. जगभर विकायच्या पुस्तकांतून काही विषय कटाक्षाने टाळले जातात. राजकारण, दारू, धर्म, लैंगिकता, अमली पदार्थ, साम्यवादासारखे निरनिराळे 'वाद' (इंग्रजीत 'इझम') आणि डुकराचं मांस. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की 'पार्स्निप' या कंदमुळाचं नाव तयार होतं, आणि प्रकाशनव्यवसायात हा शब्द खुणेसारखा वापरला जातो. कुणाच्या भावना दुखावू नयेत हे समजण्यासारखं आहे. पण एवढं गाळल्यावर जी माणसं उरतात ती सदैव सुट्टीवर निघालेली, खरेदी करणारी, छंद सांगणारी असतात. त्यांना कर्ज नसतं, त्यांची नोकरी जात नाही, त्यांचे आईवडील म्हातारे होत नाहीत. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मात्र घरमालकाला गळक्या छताबद्दल सांगायचं असतं, मुलाच्या शिक्षिकेशी बोलायचं असतं, पगारातली कपात समजून घ्यायची असते. शेवटच्या सुट्टीबद्दल जोडीदाराला सांगा, या सूचनेपुढे तो गप्प बसतो, कारण सांगण्यासारखी सुट्टी त्याला मिळालेली नसते.

यासाठी मी पुस्तकातले प्रश्न वाचते. ज्यांचं उत्तर वरच्या उताऱ्यात आहे ते किती, आणि ज्यांचं उत्तर फक्त शिकणाऱ्यालाच ठाऊक आहे ते किती? दुसऱ्या प्रकारचे प्रश्न प्रत्येक धड्यात असतील आणि ते श्रीमंत-गरीब, विवाहित-एकटा, कुणालाही उत्तर देता येण्याजोगे असतील तर माझं काम निम्मं झालं. 'तुमच्या हातांना कुठलं काम चांगलं जमतं?' हा प्रश्न मला एका फारशा नावाजल्या न गेलेल्या पुस्तकात सापडला. वर्गात त्या प्रश्नावर कुणी गप्प राहिलं नाही. शिवण, गवंडीकाम, इंजेक्शन देणं, पेटी वाजवणं, सगळं निघालं, आणि प्रत्येकाला लागणारे शब्द प्रत्येकाने स्वतःहून मागून घेतले.

मग पुस्तक हवंच कशाला, असं विचारणारेही आहेत. स्कॉट थॉर्नबरी यांनी २००० साली पुस्तकांच्या ओझ्याविरुद्ध लिहिलं. काही डॅनिश चित्रपट दिग्दर्शकांनी साधनांचा बडेजाव टाळायचं व्रत घेतलं होतं, त्यावरून प्रेरणा घेऊन त्यांनी वर्गातल्या माणसांच्या बोलण्यातूनच धडा घडवायची कल्पना मांडली. मला ती मनापासून आवडते, आणि माझे सर्वांत जिवंत तास तसेच झालेले आहेत. पण त्या तासांत निघालेले शब्द पुढच्या आठवड्यात परत आणायची जबाबदारी कुणाची? कुणी लिहून ठेवलं नाही तर ते हवेतच राहतात. या वादात मला रॉबर्ट ओनील यांचं १९८२ सालचं म्हणणं जवळचं वाटतं. पाठ्यपुस्तक असलं की तासाला न आलेल्याला मागचं पाहता येतं, पुढच्याची तयारी करता येते, असं त्यांनी लिहिलं आणि त्याच वेळी शिक्षकाला आयत्या वेळी वळण घेता यावं इतकी मोकळीक पुस्तकाने ठेवावी असंही म्हटलं. आजारपणामुळे दोन आठवडे बुडालेल्या माणसासाठी पुस्तक ही पहिली गरज असते.

आणि शिक्षकही सारखे नसतात. व्याकरणाच्या धड्यांऐवजी वर्गात कामं सोडवायला देऊन इंग्रजी शिकवून पाहणाऱ्या बंगळूर प्रकल्पासाठी ओळखले जाणारे एन. एस. प्रभू यांनी १९९० मध्ये लिहिलं की सर्वांत चांगली अशी एक पद्धत शोधण्यात अर्थ नाही. आपण करतो त्यातून शिकणं घडतं, ही शिक्षकाची आतून आलेली प्रतीती जागी आहे का, हे महत्त्वाचं. माझी एक सहकारी मला अजिबात न आवडणाऱ्या पुस्तकातून इतकं सुंदर शिकवते की मी तिच्या वर्गाच्या दाराशी थांबून ऐकते. तिला त्या पुस्तकाचा चढता क्रम पटलेला आहे, मागच्या धड्यातलं वाक्य ती आजच्या धड्यात हाताला धरून घेऊन येते. पुस्तक जे करत नाही ते ती करते. म्हणून संपूर्ण संस्थेसाठी एकच पुस्तक लादण्याआधी ते शिकवणाऱ्यांना विचारावं, ही मागणी मी दर बैठकीत करते.

बहुतेक शिक्षकांना मात्र निवडीचा अधिकार नसतोच. पुस्तक वरून येतं. तरीही गाळणं, क्रम बदलणं आणि भर घालणं एवढं हातात राहतं. मी प्रत्येक तासाला वर्गात निघालेले सात-आठ शब्द एका वहीत उतरवते आणि पुढच्या तासाचे स्वाध्याय करताना पुस्तकातल्या वाक्यांच्या जागी त्या शब्दांची वाक्यं घालते. रंगांचं पान आलं की तीन रंग शिकवून बाकीचे पुढे ढकलते. पुस्तकाच्या ध्वनिफितींत दोन माणसं एकमेकांना कधीच मध्ये तोडत नाहीत, म्हणून सहकाऱ्यांची दोन मिनिटांची साधी बोलणी त्यांच्या परवानगीने मुद्रित करते आणि महिन्याने तीच पुन्हा ऐकवते.

निवडीची संधी मिळते तेव्हा अलीकडे आम्ही आणखी एक करतो. उमेदवार पुस्तकांचे मधले धडे झेरॉक्स काढून मागच्या सत्रातल्या काही शिकणाऱ्यांना देतो आणि घरी एकट्याने करून पाहायला सांगतो. झेरॉक्स मुद्दाम काळीपांढरी, कारण कित्येक स्वाध्याय रंगांवर अवलंबून असतात आणि प्रत्यक्षात अर्ध्या वर्गाकडे काळीपांढरी प्रतच पोहोचते. ही मंडळी जे विचारतात ते आमच्या कुठल्याही तपासणी-तक्त्यात नव्हतं. ध्वनिफितीतला मजकूर शेवटी छापलेला आहे का, म्हणजे प्रवासात वाचत ऐकता येईल? उत्तरं कुठे आहेत? डिजिटल प्रवेशाची मुदत संपली की मी भरलेले स्वाध्याय माझ्याकडे राहतील का? सूचना इतक्या कठीण इंग्रजीत का आहेत, धडा तर सोपा आहे? एका गृहस्थांनी तर धड्यातले अनोळखी शब्द अधोरेखित करून आणले होते आणि त्यांतल्या कुठल्यांचा अर्थ पुढच्या ओळींवरून लागला त्यांच्यापुढे खूण केली होती. खुणा फारच थोड्या होत्या. ते पुस्तक आम्ही घेतलं नाही.